आबांच्या जबड्याची सेंट्रिंग

"काय कालवायलाव वो मॅडम?"

हिरव्या कपड्याखालून आबांचा आवाज आला. वरचा ओठ बधिर, त्यामुळं शब्द जरा चेपलेले, पण कान शाबूत होते आणि काचेच्या वाटीवर स्टीलच्या चमच्याची टिकटिक त्यांना बरोबर ऐकू गेली होती. मला मास्क-टोपी घालून कोपऱ्यात उभं राहू दिलं होतं, कशालाही हात लावायचा नाही या अटीवर. वाटीत पांढरा रवा होता. म्हणजे रवा नव्हे, पण दिसायला डिट्टो उपम्याचा जाडा रवा, आणि असून असून किती तर चहाच्या चमच्याला निम्मा. मॅडमनी त्यात आबांच्याच रक्तातून काढलेला पिवळसर द्रव टाकला, थोडं ताजं रक्त टाकलं, हलवलं, आणि थोड्या वेळात तो रवा गुलाबी होऊन एकमेकाला धरून बसला. चमच्यानं उचलला तर अख्खा गोळाच वर आला.

"वाळू-खडी कालवतीय आबा," मॅडम म्हणाल्या. "तुमचा पोरगा रोज स्लॅब टाकतो, आज मी टाकते."

आबा गप्प झाले. पण मला माहिती होतं त्यांना काय विचारायचं होतं. त्यात जनावराचं काही नाही ना, हे ते त्या महिन्यात पाचव्यांदा विचारत होते.

आबा माळकरी आहेत. पंधराव्या-सोळाव्या वर्षी गळ्यात तुळशीची माळ पडली, तेव्हापासून अंडंसुद्धा नाही, आणि कोरोनाची दोन वर्षं सोडली तर आषाढीची वारी चुकवलेली मला आठवत नाही. औसा तालुक्यात आमचं गाव, कोरडवाहू जमीन, एक विहीर. त्या विहिरीवर डिझेल इंजिन होतं. ज्यांनी ते हँडल मारून चालू केलंय त्यांना वेगळं सांगायला नको, हँडल वेळेत निघालं नाही किंवा इंजिननं उलटा झटका दिला की ते लोखंड सुटून येतं. १९९८ च्या उन्हाळ्यात ते आबांच्या तोंडावर आलं. वरचे समोरचे तीन दात जागेवरच गेले. आणि दातांच्या पुढं हाडाची जी भिंत असते, ती तशीही कागदासारखी पातळ असते, एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही बऱ्याच जणांची, ती पण त्यांच्यासोबत गेली. मी तेव्हा सोळा वर्षांचा. धोतराचा सोगा तोंडाला लावून ते बैलगाडीत बसलेले आणि गाडी मी हाकत होतो, इतकं नीट आठवतंय.

मग कवळी आली. टाळूला चिकटणारी गुलाबी प्लास्टिकची. सत्तावीस वर्षं ती कवळी आणि आबांचं जमलं नाही. भजनाला बसताना ती काढून सदऱ्याच्या खिशात जायची, आणि कवळी नसली की "ज्ञानोबा तुकाराम" मधला त निसटायचा, भलतंच काहीतरी ऐकू यायचं. "पांडुरंग" मात्र चोख. पांडुरंगाला दात लागत नाहीत, म्हणून बघा एकदा.

तर गेल्या वर्षी मीच मागं लागलो की फिक्स दात बसवून टाकू. लातूरला मॅडमकडं नेलं, त्या जबड्याच्या सर्जन. त्यांनी सीबीसीटी काढायला लावला, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन, आणि स्क्रीनवर मला आडवा काप दाखवला. हाडाची रुंदी तीन मिलिमीटर. इम्प्लांट म्हणजे फिक्स दाताखाली हाडात बसवायचा स्क्रू, तोच साडेतीनच्या आसपास असतो, त्याच्या दोन्ही अंगाला दीड-एक मिलिमीटर तरी हाड पाहिजे. मी बांधकामवाला माणूस, मला लगेच कळलं. चार इंची भिंतीत सहा इंची पाइप टाकायला निघालो होतो आपण.

दात गेला की हाड बसतं ही गोष्ट मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हती, तुम्हाला होती का? दात काढल्यावर पहिल्या वर्षात त्या जागेची रुंदी जवळपास निम्म्यावर येते, आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच. हाडाला काम पाहिजे. चावताना दात जे हाणतो-दाबतो त्या दाबावर हाड जगतं, काम संपलं की शरीर ते हळूहळू मोडून घेतं, पडक्या वाड्याची लाकडं गावकरी नेतात तसं. युलियस वोल्फ नावाच्या जर्मन माणसानं १८९२ मधे हे मांडलं होतं की हाड पडणाऱ्या भाराप्रमाणं आपला आकार बदलतं. आपल्या म्हाताऱ्यांच्या तोंडाचं बोळकं होतं, गाल आत जातात, हनुवटी नाकाजवळ येते, त्यात दातांपेक्षा हाडाचाच हात जास्त असतो.

मॅडम म्हणाल्या आधी हाड वाढवावं लागेल. बोन ग्राफ्ट.

आणि इथं माझ्या पोटात गोळा आला, कारण माझ्या स्वतःच्या तोंडात ग्राफ्ट आहे आणि त्याबद्दल आबांना काही माहीत नव्हतं.

माझी गोष्ट अशी. तीन वर्षांपूर्वी माझी वरची दाढ गेली. वरच्या दाढेच्या डोक्यावर सायनस म्हणजे हवेची पोकळी असते, दाढ गेली की ती खाली उतरते, हाड उरतं चार मिलिमीटर. एका मोठ्या शहरातल्या चकचकीत क्लिनिकमधे माझं सायनस लिफ्ट झालं. बाजूनं हाडाला खिडकी पाडतात, आतला पडदा कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ असतो, तो न फाडता वर उचलतात आणि खालच्या जागेत पावडर भरतात. डॉक्टर एवढंच म्हणाले, "थोडी पावडर भरू, सहा महिन्यात हाड होईल." मी मान डोलावली. दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, स्ट्रॉनं काही प्यायचं नाही. सगळं पाळलं. दाढ झक्क बसली, आज ऊस सोलतो मी त्या बाजूनं. तक्रार कामाबद्दल नाहीच.

वर्षभरानं कसलेतरी कागद शोधताना ती फाइल हाताला लागली. आत एक चौकोनी पांढरं स्टिकर चिकटवलेलं, बाटलीवरचं सोलून. लॉट नंबर, एक्स्पायरी, अर्धा ग्रॅम, कणांचा आकार ०.२५ ते १ मिलिमीटर, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात बोव्हाइन. मी साइटवर सिमेंटच्या पोत्यांवर बसून मोबाइलवर टाकलं, बोव्हाइन म्हणजे काय. गाय-बैल. गुरांचं. फोन केला क्लिनिकला तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली सर तुम्ही कन्सेंट फॉर्मवर सही केलीय. केली होती. व्हॉट्सअॅपवर पाठवला तिनं. त्यात एक ओळ होती, "ग्राफ्ट मटेरियल: कृत्रिम / प्राणिज / मानवी", आणि तिन्हीपैकी कशावरच खूण नव्हती. खाली माझी लफ्फेदार सही.

मी काही माळकरी नाही. ढाब्यावर मटण खातो, आबांना ते ठाऊक आहे आणि ते विचारत नाहीत. पण आमच्या घरी देवणी बैलांची जोडी होती, पोळ्याला त्यांच्या पायावर पाणी घालून मग आम्ही जेवायचो, आणि २०१६ ला त्यातला थोरला गेला तेव्हा आबांनी बांधाच्या लिंबाखाली खड्डा घेऊन, मीठ टाकून पुरला त्याला, दोन दिवस धड जेवले नाहीत. अशा घरातल्या माणसाच्या हिरडीत गुराचं हाड. मला किळस नाही वाटली, खरं सांगायचं तर. राग आला. मला विचारलं असतं तर कदाचित मी हो पण म्हणालो असतो.

मग मी वाचायला लागलो. रात्री साइटचे हिशोब झाले की हेच.

आम्हाला सोपं करून सांगायचं तर हाड म्हणजे आरसीसी. वजनात साठ-पासष्ट टक्के खनिज, हायड्रॉक्सिअॅपेटाइट त्याचं नाव, कॅल्शियम आणि फॉस्फेटचं, ते आपलं काँक्रीट. वीस-पंचवीस टक्के कोलॅजन हे प्रथिन, ती सळई. बाकी बरंचसं पाणी. काँक्रीट दाब घेतं, सळई ताण घेते. सळई काढली तर काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, फक्त तसं बघितलेलं नसतं. आजी गेली तेव्हा तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो होतो. राखेत बोटं घातली, हाडाचा तुकडा उचलला, आकार पूर्ण, भोकं-भोकं दिसणारा, आणि चिमटीत धरला तर बिस्किटासारखा चुरला. जाळात कोलॅजन जळून गेलेलं, उरलं ते निव्वळ खनिज. आता गुराच्या हाडाची पावडर कशी करतात, तर हेच करतात, फक्त कारखान्यात. हाड तापवायचं, रसायनानं धुवायचं, चरबी, प्रथिनं, पेशी सगळं काढून टाकायचं, काही कंपन्या तर हजार अंशांच्या वर भाजतात. उरते ती खनिजाची जाळी. यातलं जगभर गाजलेलं नाव म्हणजे स्विस कंपनीचं बायो-ऑस, माझ्यातलं कुठलं ते जाऊ द्या. म्हणजे माझ्या दाढेच्या मुळाशी जे आहे त्याला आपल्या भाषेत एकच शब्द आहे, अस्थी. कुणीतरी सावडलेल्या.

आणि ही पावडर स्वतः हाड होत नाही, हे मला फार उशिरा कळलं. ती सेंट्रिंग आहे, ओला स्लॅब घट्ट होईपर्यंत खालून लावतात तो तात्पुरता साचा-आधार. नवीन हाड आपल्याच पेशी बांधतात, पावडर फक्त जागा धरून ठेवते आणि त्यांना चढायला आधार देते. स्लॅबची सेंट्रिंग आम्ही एकवीस दिवसांनी माणसं लावून काढतो, इथं शरीर स्वतः काढतं, आणि सगळा घोळ त्या काढण्याच्या वेळेत आहे. लवकर विरघळली तर स्लॅब बसतो. कॅल्शियम सल्फेट महिना-दोन महिन्यात पार जातं. कॅल्शियम सल्फेट म्हणजे काय, तर पीओपी! आपलं फॉल्स सीलिंगवालं! ड्रीसमान नावाच्या जर्मन सर्जननं १८९२ मधेच हाडातले खड्डे पीओपीनं भरल्याची नोंद आहे, हे वाचून मी आमच्या पीओपीवाल्याला फोन केला, तो म्हणाला शेठ रात्रीचे अकरा वाजलेत. उलट गुरांची पावडर किंवा भट्टीत भाजलेलं हायड्रॉक्सिअॅपेटाइट फार सावकाश जातं, वर्षानुवर्षं कण तिथंच दिसतात, म्हणजे सेंट्रिंगच्या प्लेटा स्लॅबमधेच राहिल्यासारखं. मधला मार्ग म्हणून बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेट आणि हायड्रॉक्सिअॅपेटाइट मिसळून देतात, एक लवकर जातं, एक टिकून राहतं.

अजून एक गंमत. स्लॅबमधे पोकळ्या राहिल्या, हनीकोम्बिंग झालं, तर इंजिनियर आमचा उद्धार करतो. इथं पोकळ्याच पाहिजेत. कणाकणात निदान १०० मायक्रॉनची भोकं, रक्तवाहिन्या शिरायच्या तर ३०० च्या आसपास, नाहीतर पेशी आत जाणार कुठून. त्यामुळं पावडर फार ठासून भरायची नसते, मॅडमचा हात बघितला मी, आमचा मिस्त्री व्हायब्रेटर फिरवतो तसला नव्हे, चुलीवरच्या भाकरीला हात लावावा तसला.

तर मॅडमपुढं बसून मी सरळ विचारलं. ग्राफ्ट कशाचा? आणि आबांसमोरच विचारलं. मॅडमनी आधी माझ्याकडं बघितलं, मग आबांच्या गळ्यातल्या माळेकडं, आणि खुर्ची पुढं ओढली. हे मला फार आवडलं, नाहीतर "तुम्ही काळजी करू नका" हे ऐकून कान किटलेत.

त्यांनी सांगितलं. एक, स्वतःचंच हाड, खालच्या जबड्यात मागं अक्कलदाढेच्या पाठीमागून किंवा हनुवटीतून काढून. दोन, माणसाचं, दान केलेलं. मुंबईत टाटा मेमोरियलला १९८८ पासून टिशू बँक आहे, तिथं हाड स्वच्छ करून, सुकवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून ठेवतात. तीन, गुरांचं. चार, कृत्रिम.

आबांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "मान्साचं चालंल की. त्यानं दिलंय म्हनल्यावर. गाईनं कुटं दिलंय?"

मला वाटलं होतं माणसाचं म्हणल्यावर ते उठूनच जातील. मॅडमचं पेन पण हातातच थांबलं होतं.

मग मॅडम मूडमधे आल्या आणि त्यांनी एक किस्सा सांगितला. सतराव्या शतकात हॉलंडमधे योब फान मेकेरेन नावाचा सर्जन होता, त्याच्या लिखाणात एका रशियन सैनिकाची नोंद आहे, १६६८ साली छापलेली. सैनिकाच्या कवटीला भोक पडलेलं, ते कुत्र्याच्या हाडाच्या तुकड्यानं बुजवलं. माणूस बरा झाला पण चर्चनं त्याला वाळीत टाकलं, कुत्र्याचं हाड डोक्यात म्हणजे काय! तो बिचारा परत आला की काढून द्या, तर ते हाड इतकं एकजीव झालेलं की निघेना. हाडाच्या ग्राफ्टचा पहिला किस्सा म्हणून हाच सांगतात सगळे. मला तर ऐकून घाम फुटला. आबांनी लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "आन कुत्र्याचं काय झालं?"

मॅडमकडं उत्तर नव्हतं.

आता असं वाटेल की कृत्रिम घेतलं की प्रश्न मिटला, पण जनावर कुठून कुठून आत येतं बघा. पावडरीवर एक पडदा टाकावा लागतो, मेम्ब्रेन, कारण हिरडी हाडापेक्षा भराभर वाढते, ती आत घुसली की हाडाला जागाच उरत नाही. शेतात पिकाआधी गवत उठतं तसं. हा पडदा बहुतेक वेळा कोलॅजनचा, आणि ते कोलॅजन डुकराचं नाहीतर गुरांचं. टाके कॅटगटचे असतील तर ते जनावराच्या आतड्याचे. रक्त थांबवायचा स्पंज जिलेटिनचा. हे सगळं मॅडमनी एकेक करून सांगितलं आणि प्रत्येकाला पर्याय पण सांगितला, पडदा आबांच्याच रक्ताचा करू, टाके कृत्रिम धाग्याचे घेऊ. मग आबांनी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं, कुठल्याशा कॅप्सूल होत्या, आणि विचारलं ह्येचं वरलं प्लास्टिक कशाचं असतंय. आता मॅडम खोटं बोलल्या असत्या तरी चाललं असतं असं मला त्या क्षणी वाटलं. त्या म्हणाल्या, जिलेटिन, आबा. बहुतेक गुरांच्या हाडाचंच.

आबांनी ते पाकीट टेबलावर ठेवलं. परत उचललं नाही.

जाताना गाडीत एवढंच म्हणाले, "मला ठावं न्हवतं." मी म्हणालो तुमचा काय दोष त्यात. आणि माझ्या दाढेबद्दल सांगायची ती बरोबर वेळ होती. मी एसी वाढवला.

कृत्रिममधे एक गोष्ट मला बांधकामवाला म्हणून फार भावली. १९६७ साली लॅरी हेंच नावाचा अमेरिकन काचेचा इंजिनियर एका कॉन्फरन्सला बसनं चालला होता, शेजारी व्हिएतनामहून परतलेला आर्मीचा कर्नल. तो म्हणाला माणूस वाचवतो आम्ही पण त्याचे हातपाय जातात, धातू-प्लास्टिक शरीर स्वीकारत नाही, शरीर नाकारणार नाही असलं काही बनवता येईल का. हेंचनं १९६९ मधे काच बनवली, ४५ टक्के सिलिका, बाकी सोडियम, कॅल्शियम आणि थोडं फॉस्फरस. उंदराच्या मांडीच्या हाडात बसवली आणि सहा आठवड्यांनी काढायला गेले तर निघेना, हाडानं धरून ठेवलेली. सिलिका म्हणजे वाळूच की हो. काच अंगात गेली की तिच्या पृष्ठभागावर हाडासारख्या खनिजाचा थर चढतो आणि हाड तिला आपली समजून चिकटतं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेनं पण बायोअॅक्टिव्ह ग्लास आणि हायड्रॉक्सिअॅपेटाइट एकत्र करून असले दाणे बनवलेत, म्हणजे हे सगळं परदेशातूनच आणावं लागतं असंही नाही.

पण पावडरीचं फार कौतुक पण करू नये. आमच्याकडं परभणीकडचा एक मिस्त्री होता, हाताला भारी, तोंडात कायम गुटखा. खालच्या जबड्याचा कॅन्सर निघाला, मुंबईला अर्धा जबडा काढला. असल्या खड्ड्याला बाटलीतली पावडर काही कामाची नाही, तिला चारी बाजूनं जिवंत हाड लागतं. त्याच्या पायातलं फिब्युला काढलं, पोटरीच्या बाहेरच्या अंगाचं बारीक हाड, अंगाचा भार मुख्यतः शेजारचं जाड हाड घेतं म्हणून ते काढता येतं. त्याचे तुकडे पाडून जबड्याच्या वळणानं प्लेटवर बसवले आणि त्या हाडाची रक्तवाहिनी मानेतल्या रक्तवाहिनीला मायक्रोस्कोपखाली जोडली. हिडाल्गो नावाच्या अमेरिकन सर्जननं १९८९ मधे ही पद्धत जबड्यासाठी मांडली. आमचा मिस्त्री वर्षानं साइटवर परत आला. भाकरी दुधात कुस्करून खातो, बोलणं समजतं. परांचीवर चढताना मीच खाली श्वास रोखून उभा, तो वरून म्हणतो, "शेठ, पाय ठीक हाय, तोंडानं थोडंच चढायलोय?" त्याच्याकडं बघितल्यावर मला पटतं की सगळ्या बाटल्या एकीकडं आणि स्वतःचं, रक्त वाहतं ठेवलेलं हाड एकीकडं. सर्जन लोक पण अजून स्वतःच्याच हाडाला सोन्याचं माप मानतात.

आबांना पण तेच ठरलं. तीन मिलिमीटरवर नुसती पावडर तग धरत नाही, त्यामुळं खालच्या जबड्याच्या मागून एक चिप काढायची, समोर दोन बारीक टायटॅनियमच्या स्क्रूनं ठोकायची, फटी कृत्रिम रव्यानं भरायच्या, वरून रक्ताचा पडदा. "दोन ठिकाणी दुखेल आबा," मॅडमनी स्पष्ट सांगितलं. आबा म्हणाले दुखू द्या.

त्या रक्ताच्या पडद्याचं सांगतो, ते बघण्यासारखं असतं. दंडातून रक्त घेतलं, दहा-दहा मिलीच्या नळ्या, त्यात गोठू नये म्हणून काहीही घालत नाहीत, लगेच मशिनमधे, मिनिटाला २७०० फेरे, बारा मिनिटं. झाकण उघडलं तर नळीत तीन मजले. खाली लाल, वर पिवळं पाणी, आणि मधे एक गोळा, पिवळट, थरथरणारा, अगदी खरवस. गाय व्यायल्यावर पहिल्या दुधाचा वाटीत जमतो ना, तसा. मॅडमनी चिमट्यानं उचलला, खालचा लाल भाग कात्रीनं तोडला, जाळीच्या डब्यात ठेवून झाकण दाबलं, पाणी निथळलं आणि चपटी पातळ साय हातात आली. पीआरएफ म्हणतात याला, शुक्रून नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं २००१ मधे आणलं. जखम भरणाऱ्या पेशींचे निरोप त्यात साठवलेले असतात आणि आठवडाभर हळूहळू सुटतात. यानं हाडच वाढतं असा गाजावाजा बरेच जण करतात, मॅडमनी नाही केला. म्हणाल्या हिरडी चांगली भरते, सूज कमी येते, आणि रवा जागेवर राहतो, एवढं मिळालं तरी पुष्कळ.

आबांनी कपड्याखालून विचारलं ह्ये काय. मॅडम म्हणाल्या तुमचंच मेम्ब्रेन. "मेमरेन," आबा म्हणाले, आणि घरी जाऊन आईला पण हेच सांगितलं, माज्या रक्ताची साय काढली.

पुढचे पाच दिवस गाल टमाट्यासारखा. पेज, ताक, गार वरण. पाच महिने काही नाही, नुसती वाट, आणि कवळी घालायला पूर्ण मनाई, हे तर आबांना हवंच होतं. मधे आषाढी आली, ते तसेच बिनदाताचे गेले.

परतल्यावर स्कॅन झाला. सहा मिलिमीटर आणि वर थोडं. मॅडमनी हिरडी उघडली आणि मला जवळ बोलावलं. मी आयुष्यात इतके स्लॅब खोललेत, प्लेट निघाल्यावर खालची बाजू कशी निघते ते बघायला पोटात धाकधूक असतेच, तशीच झाली. ठोकलेली चिप दिसतच नव्हती. कड कुठं, जुनं कुठं, काही नाही. हस्तिदंती रंगाची एकसलग भिंत, तिच्यातून बारीक-बारीक रक्ताचे थेंब येत होते, आणि कडेला चार-दोन पांढरे कण अजून तसेच, न निघालेल्या सेंट्रिंगच्या खिळ्यासारखे. स्क्रू काढले, ड्रिल फिरलं, ड्रिलच्या आट्यांत हाडाचा ओला भुगा आला. मॅडमनी तो आबांना आरशात दाखवला.

"ह्येच्यात माजं किती?" आबांनी विचारलं.

"आता सगळं तुमचंच."

"आन त्यो रवा?"

"तो पण हळूहळू तुमचाच होईल."

आबांचं समाधान झालं नाही, मला दिसत होतं.

तीन दातांसाठी दोन इम्प्लांट बसले, टायटॅनियमचे. ब्रानेमार्क नावाच्या स्वीडिश माणसाला १९५० च्या दशकात सशाच्या हाडात ठोकलेलं टायटॅनियम निघेना तेव्हा ही विद्या सुरू झाली. दात यायला अजून तीन-चार महिने आहेत.

परत येताना लातूर-औसा रोडला बुधोड्याच्या अलीकडं मी सांगून टाकलं. का तिथंच, माहीत नाही. गाडी चालवताना समोर बघायचं असतं, ते बरं पडतं. सगळं सांगितलं, दाढ, पावडर, स्टिकर, बोव्हाइन.

आबा बाहेर सोयाबीनकडं बघत होते.

"कवा?"

"तीन-चार वर्षं झाली."

"तुला इचारलं न्हवतं?"

"नाही."

"आन तुला कळलं कवा?"

"दोन-अडीच वर्षं झाली असतील."

यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. गाडीत नुसता टायरचा आवाज. मग म्हणाले, "कॅप्सूलचं मला ठावं न्हवतं. तुला तर ठावं व्हतं. दोन वर्सं देवळात माज्या शेजारी बसायलास." आवाज चढवला नाही, चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. मी काय बोलणार. चुकलं म्हणालो. त्यांनी माळेवरून अंगठा फिरवला, ती त्यांची सवयच आहे, आणि म्हणाले, "थांबव कुटंतरी. च्या पिऊ."

टपरीवर थांबलो. गरम काही प्यायचं नव्हतं त्यांना, मॅडमची ताकीद होती, म्हणून कप तसाच फळीवर ठेवून उभे राहिले. मी माझा संपवला. दहाएक मिनिटं झाली, आबांच्या कपावर जाड साय धरली. त्यांनी ती करंगळीच्या टोकानं अलगद उचलली, निथळू दिली, आणि माझ्या नाकासमोर धरून म्हणाले,

"ह्ये बग. मेमरेन."